चिमूटभर मिठाचा लंडनमधला इतिहास

वाचकहो, लाडू-करंज्यांचे कौतुक कितीही असले तरी मिठाशिवाय चकली जमत नाही. हे मीठ मुळात कशाचे बनले आहे, याचा उलगडा ज्या वास्तूत झाला ती लंडनमध्येच आहे. ग्रीन पार्क स्टेशनातून बाहेर पडून पिकॅडिलीने थोडे चालत गेलात की आल्बेमार्ल स्ट्रीट लागतो. तिथली रॉयल इन्स्टिट्यूशन हीच ती वास्तू.

आधी शाळेतली उजळणी. ज्याचे रासायनिक क्रियेने आणखी साधे पदार्थ करता येत नाहीत ते मूलद्रव्य, उदाहरणार्थ सोने, लोखंड, प्राणवायू. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात जोडली गेली की संयुग होते. चिवडा मात्र नुसते मिश्रण. त्यातले शेंगदाणे वेचून काढता येतात आणि मुले ते काढतातच! संयुगातून असे काही वेचता येत नाही. घटकांचे मूळ गुणही त्यात उरत नाहीत.

पण मूलद्रव्य कोणते, हे ठरवायचे कसे? 1789 मध्ये फ्रान्समध्ये लाव्हाझिएने 33 मूलद्रव्यांची यादी छापली. तीत उजेड आणि उष्णता होती, चुना आणि मॅग्नेशियाही होते. पाणी मात्र नव्हते. हायड्रोजन प्राणवायूत जाळला की पाणीच तयार होते, हे 1780 च्या दशकात लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशच्या प्रयोगांतून दिसले होते. 1800 मध्ये लंडनमध्येच निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यातून वीज सोडून त्याचे पुन्हा दोन वायू केले.

हेच विजेचे हत्यार कॉर्नवॉलहून आलेल्या हम्फ्री डेव्हीने उचलले. ऑक्टोबर 1807 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी, त्याने आल्बेमार्ल स्ट्रीटवर ओलसर पोटॅशमधून वीज सोडली. धातूचे चकचकीत थेंब दिसले, काही तर पेटलेच. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला, असे त्याच्या मदतनीस चुलतभावाने सांगून ठेवले आहे. हे पोटॅशियम. काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यातून सोडियम निघाले. पुढच्या वर्षी चुन्यातून कॅल्शियम निघाले आणि मॅग्नेशियातून मॅग्नेशियम, ज्याची पांढरीशुभ्र चमक आपण आज आतषबाजीत पाहतो. यादीतली ‘मूलद्रव्ये’ संयुगे ठरली.

क्लोरीनचे याच्या नेमके उलट झाले. त्यात प्राणवायू आहे, म्हणजे ते संयुग आहे, असे रसायनशास्त्रज्ञ मानत. डेव्हीने नाना उपाय केले, प्राणवायू काही निघेना. 1810 मध्ये त्याने जाहीर केले की हे मूलद्रव्यच आहे, आणि त्याच्या हिरवट-पिवळ्या रंगावरून ग्रीक शब्द घेऊन त्याला आजचे नाव दिले.

आता मीठ पाहा. सोडियम पाण्यात टाकले की पेट घेऊ शकते. क्लोरीन हा विषारी वायू. 1915 मध्ये ईप्रच्या रणभूमीवर तो शस्त्र म्हणून सोडला गेला. दोन्ही एकत्र आले की आपल्या ताटातले मीठ! संयुग म्हणजे काय, हे याहून सोपे कसे सांगणार?

हे सारे दिवाळी अंकात कशाला? कारण आपल्या मुलांना शाळेत शिकवतात की पाणी ‘एलिमेंट’ नाही, आणि घरी आजी सांगते की पाणी पंचमहाभूतांपैकी एक. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून आजी चुकली असे मुलांना वाटते. मराठीत शब्द दोन आहेत: महाभूत आणि मूलद्रव्य. महाभूतांचा विचार आपल्या इंद्रियांच्या अनुभवाशी जोडलेला आहे: आकाशाचा शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचे रूप, पाण्याचा रस, पृथ्वीचा गंध. मूलद्रव्य ठरते ते प्रयोगशाळेत, पदार्थ फोडून पाहून. आजीला खोटे पाडायला नको, आणि पूर्वजांना 118 मूलद्रव्ये ठाऊक होती असा दावाही करायला नको. मुलाने विचारले तर दोन्ही शब्द त्याला द्या, आणि मग एकदा आल्बेमार्ल स्ट्रीटवर घेऊन जा.