कोणी बसलंय का इथे?

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल पडतो आणि जागा धरली जाते. रुमालाचा मालक अजून खाली धुळीत उभा असतो, पण बाक त्याचं झालेलं असतं. हुज्जत घालणारा एखादा भेटतो. बाकीचे रुमालाचा मान राखतात.

हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, पंचाईत अशी की त्यांच्या गाडीत बाक दिसत नाही, बसलेला माणूस दिसत नाही आणि रुमाल टाकायला खिडकीही नाही. तिथे जागा म्हणजे फ्रिक्वेन्सी. ती मोकळी आहे का हे कळण्यासाठी आधी गप्प राहून ऐकायचं आणि मग विचारायचं. तोंडी बोलणारा सरळ विचारतो, ‘ही फ्रिक्वेन्सी कोणी वापरतंय का?’ मोर्सवाला तीन अक्षरं वाजवतो, क्यू-आर-एल, आणि पुढे प्रश्नचिन्ह. कोणी असेल तर तो ‘हो’ म्हणतो आणि विचारणाऱ्याने मुकाट पुढे सरकायचं असतं.

या तीन अक्षरांचं कूळ शोधू गेलं की माग जहाजावर जातो.

१९०९ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने आपली जहाजं आणि किनाऱ्यावरची तारायंत्र केंद्रं यांच्यासाठी क्यू या अक्षराने सुरू होणाऱ्या सांकेतिक प्रश्नांची एक यादी केली. पुढे १९१२ च्या उन्हाळ्यात लंडनला आंतरराष्ट्रीय रेडिओ-तार परिषद भरली आणि अशी यादी सगळ्या देशांनी स्वीकारली. १ जुलै १९१३ पासून ती लागू झाली. नॉर्वेच्या खलाशाला इटालियन येत नसलं तरी चालावं, हा हेतू. प्रश्नचिन्ह लावलं की तो प्रश्न, न लावलं की तेच उत्तर. यादीतले प्रश्न अगदी बंदरावरचे आहेत. तुम्ही कुठून निघालात, कुठे निघालात, हवेतली खरखर जास्त आहे का, माझा नंबर कधी लागेल. आज क्यूआरजी म्हणजे ‘माझी नेमकी फ्रिक्वेन्सी किती?’ १९१२ मध्ये त्याचा अर्थ होता ‘तुम्ही कोणत्या जहाज कंपनीचे?’ आणि क्यूआरएल? त्याचा अर्थ होता, ‘तुम्हाला नीट ऐकू येत नाहीये का? यंत्र जुळवून घ्यायला खुणेचं अक्षर वीस वेळा पाठवू का?’ ‘तुम्ही कामात आहात का?’ हा प्रश्न तेव्हा क्यूआरडब्ल्यू या शेजाऱ्याच्या घरी राहत होता. नंतरच्या याद्यांमध्ये घरं बदलली आणि ‘कामात’ क्यूआरएलकडे आलं.

‘कामात आहात का’ हे विचारायची गरज किती खरी होती, ते लंडनची परिषद भरायच्या दोनच महिने आधी दिसलं होतं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाचा तारायंत्रवाला सिरिल इव्हान्स याने जवळच्या ‘टायटॅनिक’ला, आम्ही बर्फात अडकून थांबलोय, असं कळवायला सुरुवात केली. न विचारता, मध्येच. टायटॅनिकवरचा जॅक फिलिप्स त्या वेळी प्रवाशांच्या तारांचा ढीग न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे पाठवत होता. तिकडचा आवाज बारीक, आणि हे जहाज जवळ, म्हणजे त्याची तार कानठळ्या बसवणारी. फिलिप्सने त्याला गप्प बसवलं, मी कामात आहे म्हणाला. इव्हान्स थोडा वेळ ऐकत राहिला, मग यंत्र बंद करून झोपला. टायटॅनिक हिमनगावर आदळलं ते त्यानंतर काही मिनिटांनी. या प्रसंगात उद्धट कोण होता याचा वाद शंभर वर्षं चालू आहे. मला त्यात दोघांचाही दोष दिसत नाही. त्या यंत्राचा दिसतो.

कारण ते यंत्र ठिणगीचं होतं. ठिणगी उडाली की तिची लहर एका बारीक रेषेत राहत नाही, आसपासच्या लांबीभर पसरते. चाळीत एकाने खलबत्ता सुरू केला की सगळ्या खोल्यांना ऐकू जातो, तसं. अशा काळात ‘ही जागा मोकळी आहे का’ या प्रश्नाला अर्थच नव्हता, कारण एकमेकांपासून वेगळ्या अशा जागाच फारशा नव्हत्या. विचारायचं ते माणसालाच, तू मोकळा आहेस का.

हौशी मंडळींचा गोंधळ तर याहून मोठा. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे उकिरड्यावर. पोरं तिथेही हाणामारी करत राहिली. १९१४ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी कनेटिकटमधल्या हार्टफर्डला अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापली, त्यांच्याबरोबर क्लॅरेन्स टुस्का होते. मॅक्सिम घराण्याची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बापाने मशिनगन शोधली, मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर. आणि हाच मुलगा लीगच्या ‘क्यूएसटी’ मासिकात ‘म्हातारबुवा’ अशा अर्थाचं टोपणनाव घेऊन हवेतल्या गोंगाटावर तळतळाट ओतत असे. लिहिणारा कोण हे वाचकांना १९३६ मध्ये त्यांच्या निधनानंतर कळलं. या लेखांतून ‘वूफ हाँग’ नावाचं एक हत्यार जन्माला आलं, दुसऱ्याच्या बोलण्यात घुसणाऱ्यांना वठणीवर आणण्यासाठी. ते कसं वापरायचं याचा पत्ता नाही, नुसती दहशत. १९१९ मध्ये याच म्हातारबुवांनी लाकडाचे दोन वेडेवाकडे तुकडे तारेने बांधलेली एक वस्तू मासिकाकडे पाठवली, हेच ते वूफ हाँग म्हणून. लीगने ती जपून ठेवली. पोलीस नसलेल्या गावाने बागुलबुवा टांगावा, तशातला प्रकार.

१९२८ मध्ये पॉल सीगल या वकिलाने हॅमसाठी आचारसंहिता लिहिली, तिचं पहिलंच कलम असं की दुसऱ्याच्या आनंदात जाणूनबुजून विरजण पडेल अशा तऱ्हेने यंत्र चालवू नये. वकिलाने लिहिलेल्या संहितेत शिक्षेचं कलम नाही, हे नोंदवण्यासारखं.

दरम्यान ठिणगी जाऊन व्हॉल्व्ह आले, लहर बारीक झाली. तरी प्रश्न अजून जागेकडे वळला नव्हता. कारण होतं स्फटिक. त्या काळच्या अनेक हॅमचं प्रक्षेपण क्वार्ट्झच्या एका तुकड्यावर चाले आणि तो ज्या फ्रिक्वेन्सीला घासलेला, तिथेच ते बसे. हलायचं म्हणजे दुसरा स्फटिक विकत घ्यायचा. त्यामुळे हाक मारणारा आपल्या जागेवरून हाक मारी, उत्तर देणारा त्याच्या जागेवरून उत्तर देई, आणि हाक मारणारा सबंध पट्टा चाळत बसे. कुठून कुठे चाळणार हे सांगायलाही संकेत होते, क्यूएचएल म्हणजे वरच्या टोकाकडून खाली, क्यूएलएच म्हणजे खालून वर. दोन माणसं बोलताहेत, पण प्रत्येक जण आपापल्या ओसरीवरून. जागा अदलाबदल होण्याजोगी नसेल तर ती मागणार कोण?

पुढे फ्रिक्वेन्सी हवी तशी फिरवता येणारी यंत्रं रुळली. मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉलिन्स कंपनीच्या केडब्ल्यूएमसारखे ट्रान्सीव्हर आले. त्यांत ऐकणं आणि बोलणं एकाच डब्यात, एकाच बटणावर. आता दोघेही एकाच फ्रिक्वेन्सीवर भेटू लागले, आणि पहिल्यांदाच फ्रिक्वेन्सी ही दोघांनी मिळून बसायची ओसरी झाली. क्यूआरएलचा प्रश्न माणसावरून जागेवर घसरला तो इथे. अधिकृत यादीत आजही अर्थ ‘तुम्ही कामात आहात का’ असाच आहे. हॅमच्या तोंडी मात्र तो ‘इथे कोणी बसलंय का’ झाला. यादी दुरुस्त करायची गरज कोणाला वाटली नाही.

जागेची खरी मारामारी स्पर्धांनी आणली. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय रिले पार्टीपासून लीगने जगभरच्या हॅमना एका ठरलेल्या काळात एकत्र आणायला सुरुवात केली, १९३० मध्ये ‘स्वीपस्टेक्स’ आली, आणि १९४८ पासून ‘सीक्यू’ मासिकाची जागतिक स्पर्धा. ती ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी बोलून, नोव्हेंबरच्या तशाच शनिवार-रविवारी मोर्सने. अठ्ठेचाळीस तास. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला शिट्टी होते. जगाचे ४० विभाग केलेत, आपल्याकडचा स्पर्धक २२ सांगतो. त्याआधी ‘पाच-नऊ’ म्हणतो, म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि दमदार. मग लगेच म्हणतो, तुमचं नाव पुन्हा सांगा, कळलं नाही. याला कोणी खोटं म्हणत नाही. ‘जेवून जा हं’ला जितकं खरं धरतात तितकंच ते खरं.

आता हिशेब करा. वीस मीटरच्या पट्ट्यात बोलण्यासाठी साधारण १४.१२५ ते १४.३५० मेगाहर्ट्झ, म्हणजे २२५ किलोहर्ट्झ. एका आवाजाला पावणेतीनच्या आसपास लागतात. बाकं ऐंशीच्या घरात, आणि गाडी पकडायला आलेले हजारोंनी. चांगला गडी एक फ्रिक्वेन्सी धरून तासाला दोनशे जणांना उत्तरं देतो. म्हणून ती फ्रिक्वेन्सी त्याला सोन्यासारखी. पण ती त्याची नाही. अमेरिकेच्या नियमात तर स्पष्टच लिहिलंय, कोणतीही फ्रिक्वेन्सी कोणत्याही एका केंद्राच्या मालकीची नाही. बसलाय तोवर बसलाय. चहाला उठलास तर जागा गेली, आणि आल्यावर ‘मी इथे होतो’ म्हणायचं नाही. काही बिलंदर क्यूआरएल विचारतात खरे, पण उत्तराला श्वासभरही न थांबता हाका मारू लागतात. हा रुमाल टाकून मग विचारण्याचा प्रकार.

शिवाय भांडणातले दोघेही प्रामाणिक असू शकतात. चौदा मेगाहर्ट्झची लहर आकाशातल्या आयनांबरावर आपटून शेकडो मैल पलीकडे उतरते, मधला पट्टा कोरडा राहतो. पुण्याचा आणि नाशिकचा हॅम एकाच फ्रिक्वेन्सीवर बसले तरी बहुधा एकमेकांना ऐकू येत नाहीत. दोघांनी कान दिला, दोघांनी विचारलं, दोघांना शांतता मिळाली. पंचाईत होते ती जपानच्या माणसाची, त्याच्या कानात दोघेही. म्हणून एकदा विचारून भागत नाही. दोनदा विचारायचं, मध्ये थांबायचं, कारण फ्रिक्वेन्सीवर बसलेला कदाचित ऐकायच्या पाळीत असेल आणि ज्याचं तो ऐकतोय तो तुम्हाला ऐकू येत नसेल. आता संगणकाच्या पडद्यावर सगळा पट्टा धबधब्यासारखा वाहताना दिसतो आणि नवी पोरं काळी फट दिसली की तिथे जाऊन बसतात. त्या फटीत काय आहे, हे फक्त त्यांच्या अ‍ॅन्टेनाला दिसलेलं असतं.

स्पर्धेपासून लांब राहणाऱ्यांचाही विचार झाला. १९७९ च्या जिनिव्हा परिषदेने हॅमना १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या आसपास तीन नवे पट्टे दिले, आणि तिथे स्पर्धा भरवायच्या नाहीत असं सगळ्यांनी आपसात ठरवलं. चाळीसहून अधिक वर्षं झाली, ते पाळलं जातंय. युरोपात वीस मीटरवर स्पर्धेसाठी टापूच आखलेत, आणि १४.३०० मेगाहर्ट्झ आपत्तीच्या वेळी बोलावणं करायला राखलेलं.

फ्रिक्वेन्सी म्हणजे पत्ता, याचं आपल्या मुंबईतलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओवर उषा मेहता ‘भारतात कुठूनतरी’ बोलतोय असं सांगत, पण ४२.३४ मीटर हे आकडे मात्र उघड सांगत. घर लपवलं, जागा सांगितली. त्यांचं प्रक्षेपण उभं करायला नरीमन प्रिंटर हे मुंबईचे हॅम होते, १९३९ मध्ये युद्ध लागताच ज्यांचे परवाने सरकारने रद्द केले त्यांपैकी. ४२.३४ मीटरचा हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. तो भाग आजही हॅमच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात आहे. त्या जागेवर आधी कोणी बसलंय का, असं विचारायची सवड त्यांना नव्हती.

२०१७ पासून एफटी-८ नावाची संगणकी रीत आली. तीन किलोहर्ट्झच्या एका बाकावर डझनावारी लोक दाटीवाटीने बसतात, प्रत्येकाला पन्नास हर्ट्झ पुरतात आणि पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या यंत्रच लावतं. तिथे क्यूआरएल कोणी वाजवत नाही. पण नोव्हेंबरात, शनिवारच्या पहाटे, मोर्सच्या पट्ट्यात सव्वापाचपासूनच ती तीन अक्षरं जागोजागी ऐकू येऊ लागतात. डा-डा-डि-डा, डि-डा-डिट, डि-डा-डि-डिट. मग थोडी शांतता. कुठून तरी एकच अक्षर येतं, सी, म्हणजे हो, बसलोय. विचारणारा दोन टिंबं वाजवतो आणि चक्री पाव इंच फिरवतो.