मँचेस्टर येथील श्रमिकांचा विरंगुळा व त्याचीं साधनें

जुन्या कागदांचा शोध घेण्याची हौस आपल्या मंडळींत मोठी आहे. सनदा, महजर, वतनपत्रें, ताळेबंद यांचीं दप्तरें आपण धुंडाळतों, वाळवी लागलेलीं पानें हलक्या हातानें सोडवितों आणि त्यांवरून राज्यकारभार कसा चालला तें ठरवितों. परंतु दिवसभर राबून घरीं परतणारा मनुष्य आपला उरलेला वेळ कसा घालवीत होता, हा प्रश्न पुढें आला म्हणजे हींच दप्तरें बहुधा मुकीं होतात. अशा विषयाचीं साधनें कोणतीं व तीं कशीं टिकतात, हें पाहण्यासाठीं इंग्लंडांतील मँचेस्टर शहराचें उदाहरण आम्ही येथें घेत आहों. मुंबईच्या गिरण्यांचा व या शहराचा धंदा एकच, सुताचा व कापडाचा. त्यामुळें तेथील वृत्तांत आपणांस अगदींच परका वाटूं नये.

अमरकोशाच्या नानार्थवर्गांत ‘क्षण’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: काम नसण्याची स्थिति, कालाचा एक विशिष्ट अंश आणि उत्सव. हे तीन अर्थ एका शब्दांत यावे हें मार्मिक आहे. कामांतून सुटका झाल्यावांचून वेळ आपला होत नाहीं आणि वेळ आपला झाल्यावांचून उत्सव होत नाहीं. मँचेस्टरचा वृत्तांतही याच क्रमानें सांगणें सोयीचें आहे.

१. वेळ.—इसवी सन १८०१ च्या गणतींत मँचेस्टरची वस्ती सुमारें ७० हजार होती. १८५१ मध्यें ती ३ लक्षांवर गेली. या पन्नास वर्षांत वाफेच्या गिरण्यांनीं शहराचें रूप पालटलें. तत्पूर्वीं घरीं माग चालविणारा विणकर आपल्या वेळेचा धनी होता. आठवड्याच्या अखेरीस नेटानें काम उरकावें आणि सोमवारीं मागाला हात लावूं नये, असा परिपाठ होता. लोक विनोदानें त्या दिवसाला ‘संत सोमवार’ म्हणत. आपल्याकडील गिरणीकामगार ज्यास ‘खाडा’ म्हणतात, त्याला तेथें जणूं एका साधुपुरुषाचा आश्रय मिळाला होता! गिरणीच्या घंटेपुढें तो टिकला नाहीं.

गेलेला सोमवार परत आला नाहीं, पण अर्धा शनिवार मिळाला. १८४३ मध्यें शहरांतील वखारी व पेढ्या यांतील नोकरांसाठीं शनिवारच्या अर्ध्या सुटीची चळवळ झाली व ती फळास आली. १८४७ च्या कायद्यानें गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें काम दिवसास १० तासांवर आणलें. त्यांतील पळवाटा बुजविणारा १८५० चा कायदा झाला, त्यानें रोजचे काम अर्ध्या तासानें वाढविलें खरें, परंतु शनिवारीं दुपारीं २ वाजतां तें थांबविण्याचें बंधन घातलें. प्रौढ पुरुषांस हा कायदा लागू नव्हता. तथापि स्त्रिया व मुलें निघून गेल्यावर यंत्रें चालवावीं तरी कशीं? म्हणून पुरुषही त्यांच्याबरोबर सुटूं लागले. इंग्लंडांत फुटबॉलचे सामने शनिवारीं दुपारीं होण्याची चाल याच सुटीच्या आधारानें रुजली. १८७८ मध्यें न्यूटन हीथ येथील रेल्वे-कारखान्याच्या कामगारांनीं एक संघ काढला, तोच १९०२ पासून ‘मँचेस्टर युनायटेड’ झाला. १८८० मध्यें वेस्ट गॉर्टन येथील सेंट मार्क चर्चच्या मंडळींनीं काढलेला संघ पुढें ‘मँचेस्टर सिटी’ झाला. जगभर गाजलेल्या या दोन नांवांच्या मुळाशीं एक कारखाना व एक देऊळ आहे.

२. स्थल.—वेळ मिळाला तरी जावें कोठें, हा प्रश्न उरलाच. दाट वस्तीच्या शहरांत मोकळी जागा उरली नव्हती. लोकांस फिरावयास जागा नाहीं या गोष्टीची चौकशी पार्लमेंटच्या एका समितीनें १८३३ मध्यें केली होती. पुढें लोकवर्गणी जमून २२ ऑगस्ट १८४६ रोजीं एकाच दिवशीं तीन बागा उघडण्यांत आल्या: मँचेस्टरांतील फिलिप्स पार्क व क्वीन्स पार्क, आणि शेजारच्या सॅल्फर्डमधील पील पार्क. त्यांत खेळांचीं मैदानें राखलीं होतीं. दारूला मात्र मज्जाव होता. श्रमिकाला गुत्त्यापासून दूर न्यावें, हा वर्गणीदार गृहस्थांचा हेतु त्यांत उघड दिसतो. १८५२ मध्यें करावर चालणारें मोफत ग्रंथालय उघडलें, त्या समारंभास डिकन्स व थॅकरे हे दोघेही कादंबरीकार उपस्थित होते.

या सर्व सोयी वरून खालीं आलेल्या होत्या. खालून वर गेलेल्या मागणीचें ठळक उदाहरण २४ एप्रिल १९३२ चें आहे. शहराजवळील किंडर स्काउट या डोंगराळ माळावर जमीनदारांनीं शिकारीसाठीं लोकांस बंदी केली होती. त्या दिवशीं मँचेस्टरकडील तरुण कामगार जमावानें तो माळ चढून गेले, रखवालदारांशीं झटापट झाली व पांच जणांस तुरुंगवास घडला. १९५१ मध्यें तो प्रदेश इंग्लंडच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांत समाविष्ट झाला.

३. उत्सव.—ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारापासूनचा ‘व्हिट सप्ताह’ हा मँचेस्टरचा मोठा सण. चर्चच्या मुलांच्या मिरवणुकी १८०१ पासून त्या सप्ताहांत निघत, आणि त्याच सप्ताहांत कर्सल मूरच्या माळावर घोड्यांच्या शर्यतीही होत. पण बारमाही जत्रा म्हणावी अशी जागा एकच, ती बेल व्ह्यू. जॉन जेनिसन या माळ्यानें शहराच्या आग्नेयेस १८३६ मध्यें ही बाग थाटली. तींत प्राणिसंग्रह, तळीं, नाचाचें दालन हळूहळू वाढत गेलें. बिअर गाळण्याचा कारखानाही बागेचा स्वतःचा होता. म्युनिसिपल बागेंत जें वर्ज्य, तें येथें घरचेंच! १८५२ पासून तळ्याकांठीं प्रचंड रंगीत पडद्यापुढें लढायांचे देखावे व शोभेची दारू यांचा खेळ सुरू झाला, तो १९५६ पर्यंत चालला. १८५३ मध्यें पितळी वाद्यांच्या पथकांची चढाओढ सुरू झाली. या पथकांतील वादक बहुतेक गिरण्यांतले व खाणींतले. दिवसा चात्यांपाशीं उभे राहावें व रात्रीं तालीम करावी, असा त्यांचा क्रम. १९२६ मध्यें इंग्लंडांतील आधुनिक पद्धतीची श्वानशर्यत प्रथम येथेंच झाली. डिसेंबर १९४० मध्यें बाँबहल्ल्यानें फ्री ट्रेड हॉल जळाला, तेव्हां १८५८ पासून चाललेल्या हॅले वाद्यवृंदालाही याच बागेच्या दालनाचा आधार मिळाला. १९७७ मध्यें प्राणिसंग्रह बंद पडला आणि पुढें बागही मोडली.

४. साधनें.—आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. चेटम ग्रंथालय हें मँचेस्टरचें भूषण. हंफ्रे चेटम या कापडाच्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रान्वयें १६५३ मध्यें तें स्थापन झालें. इंग्रजी भाषा बोलणाऱ्या जगांतील सर्वांत जुनें सार्वजनिक ग्रंथालय म्हणून त्याची ख्याति आहे. १८४५ च्या उन्हाळ्यांत मार्क्स व एंगल्स यांनीं एका खिडकीशीं बसून येथें वाचन केलें. अशा या जुन्या पोथ्यांच्या घरांत जेनिसन घराण्याच्या बागेचीं भित्तिपत्रकें, कार्यक्रमपत्रिका व हिशेब आज जतन केलेले आहेत. ज्यांनीं ते तेथें ठेविले त्यांच्या दृष्टीचें कौतुक करावें तेवढें थोडें आहे.

अशा साधनांचें तारतम्य कसें करावें, याला ‘महाराजा’ नांवाच्या हत्तीचा दाखला देतों. एप्रिल १८७२ मध्यें एडिंबरो येथें एका फिरत्या प्राणिसंग्रहाचा लिलाव झाला, त्यांत जेनिसनांनीं हा आशियाई हत्ती ६८० पौंडांस घेतला. त्यानें आगगाडीचा डबा मोडल्यामुळें माहुतानें त्यास पायीं चालवीत दहा दिवसांत मँचेस्टरला आणलें, असें सांगतात. १८७५ मध्यें हेवूड हार्डी यानें एक चित्र काढलें. त्यांत माहूत जकातीवरून हुज्जत घालीत आहे आणि हत्ती नाक्याचें फाटकच उचलीत आहे. चित्र सुरेख आहे, परंतु तें तीन वर्षांनंतरचें. त्यावरून प्रवास झाला हें लोकांस ठाऊक होतें, इतकेंच सिद्ध होतें. फाटक उचललें हें सिद्ध होत नाहीं. लिलावाची किंमत व्यवहारांतली असल्यानें अधिक भरंवशाची. हत्तीचा अस्थिपंजर मँचेस्टरच्या म्यूझियममध्यें उभा आहे. त्यावर माप घेतां येतें, तेव्हां तोही एक कागदच समजावा. बखर, फड-हिशेब व शिलालेख यांना आपण जी कसोटी लावतों, तीच येथें लावावयाची आहे.

हा वृत्तांत आपल्या दारापर्यंत येतो. मुंबईच्या गिरण्यांस कायद्याचा जाच नाहीं, ही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची तक्रार १८८१ च्या फॅक्टरी कायद्याच्या मागें होती. तथापि सर्व कामगारांस आठवड्याची सुटी त्या कायद्यानें मिळाली नाहीं. तिच्यासाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून खटपट केली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानांत सुमारें १० हजार कामगार जमले व दोन स्त्री-कामगारांनीं भाषणें केलीं. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मान्य झाली. या लढ्याचे अर्ज व वृत्तपत्रें आपण अभ्यासतों. पण त्या रविवारीं गिरणगांवांतील लोक काय करीत होते? भजनी मंडळांच्या वह्या, गणपतीच्या मेळ्यांच्या पदांचीं चोपडीं, तालमींचे जमाखर्च, तमाशाच्या फडांचे हिशेब, नाटकांचीं हँडबिलें यांतूनच त्याचें उत्तर निघेल. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या, चाळी पाडल्या जात आहेत आणि माळ्यावरच्या पेट्या रद्दीवाल्याच्या तागडींत पडत आहेत. ज्या संग्राहकांपाशीं सनदांचे रुमाल आहेत, त्यांनीं एक रुमाल या हलक्या कागदांसाठीं राखून ठेवावा आणि मिळेल त्या प्रत्येक तुकड्यावर कोठें, कोणाकडून व केव्हां मिळाला याची नोंद करावी, अशी आमची विनंति आहे.