शेगडी, नखं आणि बाळंतिणीची खोली

बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा आणि लसणीच्या साली, दारं-खिडक्या बंद. महाराष्ट्रात बाळंतिणीची खोली पिढ्यान्‌पिढ्या अशीच असे. आज कुणी तिला निव्वळ अंधश्रद्धा म्हणतं, कुणी आजीबाईंचं शास्त्र. दुखणं हलकं करणं निराळं आणि जीव वाचवणं निराळं, हे मात्र दोघांच्याही ध्यानात येत नाही. पहिल्या कामात ही खोली तरबेज होती, दुसऱ्यात फार कच्ची. मोडून आलेल्या कमरेला शेक बरा वाटतो, यात भ्रम कसला? अंगाला तेल, सव्वा महिना कामातून सुटका, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. एरवी सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या ताटात एवढे दिवस तूप पडे, हेही थोडं नव्हे. पण त्याच शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत तान्ह्याच्या छातीत जाई. नाळ हाताला लागेल त्या विळ्यानं कापत आणि त्यातून धनुर्वात होई. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकत, बाळाला मध चाटवत. यातलं काहीही त्या क्षणी कुणाला दुखवत नसे, म्हणूनच ते टिकलं. आराम लगेच कळतो. जंतुसंसर्ग काही दिवसांनी उगवतो आणि तोवर दोष सटवाईच्या लेखावर गेलेला असतो.

ज्ञानच नव्हतं म्हणावं, तर सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान आडवं येतं. प्रसूतीच्या वेळी जवळ चार पोक्त, जाणत्या बायका असाव्यात आणि त्यांची नखं कापलेली असावीत, असं तिथं स्पष्ट सांगितलं आहे. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी.साठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेल्या बाईनं हा विषय घ्यावा, हे पुरेसं बोलकं आहे. पण नखांचा नियम पोथीतच राहिला. बाळंतपण विटाळाचं म्हणून ते ज्या सुईणींवर सोपवलं, त्यांच्या कानांवर संस्कृत पडू नये याची तजवीज समाजानंच केली होती. सगळं खापर सुईणीवर फोडणाऱ्यांनी व्हिएन्नाही आठवावं. तिथल्या मोठ्या रुग्णालयात १८४६ मध्ये डॉक्टरांच्या विभागात सुमारे ११ टक्के बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात ३ टक्क्यांहून कमी. शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येणाऱ्या हातांचा तो प्रताप होता. तिथल्याच डॉक्टर सेमेलवाइसनं १८४७ मध्ये क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि आकडा झपाट्यानं उतरला.

‘आमच्या आजीची दहा बाळंतपणं घरी झाली, काय बिघडलं?’ हा नेहमीचा आक्षेप. जिचं बिघडलं ती आजी व्हायला उरलीच नाही. घरगुती म्हणजे निर्धोक, हेही तितकंच पोकळ. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी चाटवून निजवत. गुण यायचा, मूल निजायचं. गिरणीत पाळणाघर नाही आणि रोज बुडवून भागत नाही, तेव्हा त्या बाईला नावं ठेवणं सोपं आहे. कारखान्यातली गोळी तरी कुठं वेगळी निघाली? पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकलं जाणारं थॅलिडोमाइड अनेक देशांत गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं. १९६१च्या अखेरीस पश्चिम जर्मनीतल्या बाजारातून ते काढून घेईपर्यंत हजारो मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. इथंही मळमळ खरोखरच थांबत होती. बायकांना उतारा पडला, एवढ्यावर कोणतंच औषध वा चाल सुरक्षित ठरत नाही, मग ती फडताळातली असो वा दुकानातली.

रुग्णालयांनी पुढं जीव वाचवले, त्यात वाद नाही. निर्जंतुक पातं आणि धनुर्वाताची लस यांच्या जोरावर माता आणि नवजात बालकांमधल्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. मात्र जंतूंबरोबर रुग्णालयांनी सोबतही बाहेर काढली. बाई टेबलावर उताणी, आई-बहीण दाराबाहेर, कळा एकटीनं सोसायच्या. प्रसूतीच्या वेळी नात्यातली एक बाई जवळ राहू द्या, असं केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांना सांगितलं ते २०१६ मध्ये.