टेंगूळ न आलेला मार

हॉकी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. आज सांगायची आहे ती हॉकी निराळी. कॅनडा-अमेरिकेतली, पायांत स्केट्स बांधून बर्फावर खेळली जाणारी. तिथं चेंडूऐवजी रबरी चकती असते आणि प्रतिस्पर्ध्याला अंगानं धडक देणं हा खेळाचाच भाग असतो.

१३ जानेवारी १९६८ रोजी मिनेसोटा संघाचा बिल मास्टर्टन अशाच धडकेनं कोसळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दोन दिवसांनी तो गेला. त्याच वर्षी त्याच्या नावानं पारितोषिक सुरू झालं. हेल्मेटची सक्ती व्हायला मात्र १९७९ साल उजाडलं, आणि तीही फक्त नव्या खेळाडूंना.

पण हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू मडक्यातल्या पाण्यासारखा डचमळायचा तो डचमळतोच. आपल्याकडे पोर पडलं की आई आधी टेंगूळ चाचपते. या माराला टेंगूळ येत नाही, रक्तही येत नाही. त्यामुळे डोकं गरगरतंय म्हणणारा खेळाडू कच्चा लिंबू ठरायचा आणि गुमान परत बर्फावर उतरायचा.

ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचं काय होतं, हे अमेरिकेतल्या डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवलं होतं. हॉकीतला पहिला पुरावा मिळाला २००९ मध्ये. रेगी फ्लेमिंग हा जुना खेळाडू वारल्यावर बोस्टन विद्यापीठात त्याचा मेंदू तपासला गेला. वारंवारच्या आघातांनी होणारा 'सीटीई' हा विकार त्यात आढळला. यात स्मृती जाते, स्वभाव पालटतो, मन खचतं. खात्रीचं निदान मात्र आजही मृत्यूनंतरच होतं.

मग डेरेक बूगार्डचं नाव आलं. हाणामारी करून आपल्या खेळाडूंना सांभाळणं, हेच त्याचं काम. २७७ सामने, गोल अवघे ३. २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांनी त्याचा बळी घेतला. वय २८. त्याच्याही मेंदूत सीटीई निघाला.

माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१८ मध्ये ३१८ जणांशी सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरची तडजोड झाली. नॅशनल हॉकी लीगनं जबाबदारी काही मान्य केली नाही.

मी कवी, शब्दांवर जगणारा. या साऱ्या इतिहासात मला एक वाक्य अडतं: 'मी ठीक आहे.' मार खाल्लेला खेळाडू ते म्हणतो आणि आपण विश्वास ठेवतो. पण ते उत्तर देत असतो तोच दुखावलेला मेंदू. म्हणून खेळायचं की थांबायचं, हे त्या क्षणी त्याला विचारू नये. शाळेच्या मैदानावर पोर डोक्यावर पडलं, तर त्यानं कितीही हट्ट केला तरी त्या दिवशी त्याला बाहेर बसवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. सामना काय, पुढच्या रविवारीही होईल.