बोल समजतस का? : खान्देशातील चांगल्या आवाजाच्या शोधाचा इतिहास

‘हाय-फाय’ म्हटले की मुंबई-पुण्यातला एखादा शौकीन डोळ्यांपुढे येतो. गालिचा अंथरलेली खोली, परदेशी टर्नटेबल, भिंतीएवढे स्पीकर. हा छंद पैशाचा आणि महानगराचा, असे आपण गृहीत धरतो. गेली अठरा वर्षे मी जळगाव-धुळ्यातील रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून, भंगारातून आणि जुन्या घरांतून या विषयाचा माग काढतो आहे. माझ्याजवळ ध्वनिशास्त्राची पदवी नाही, नोंदवह्या मात्र बऱ्याच आहेत. त्यांवरून माझे मत असे बनले आहे की खान्देशातही चांगल्या आवाजाचा शोध तेवढ्याच चिकाटीने घेतला गेला. त्याला वळण दिले ते ऊन, कापूस आणि धाब्याच्या घराने. त्याची कसोटीही वेगळी होती. नवा स्पीकर जोडला की घरातली म्हातारी माणसे अहिराणीत एकच विचारीत : ‘बोल समजतस का?’ शब्द कळतात का?

प्रथम उन्हाचे पाहू. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजत. लाख उष्णतेने मऊ होते. जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याखाली आडव्या रचलेल्या तबकड्यांना तिथे बाक आला नाही तरच नवल. म्हणून जाणती घरे तबकड्या उभ्या ठेवीत, तळघरात किंवा धान्याच्या कोठीमागे. बालगंधर्वांचे बालपणीचे काही शिक्षण जळगावात झाले आणि शहरातल्या खुल्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या तबकड्या जपणारी घरे इथे होती, ती या सावलीच्या शिस्तीमुळेच.

ट्रान्झिस्टर आल्यावर ऊन दुसऱ्या वाटेने आत शिरले. सुरुवातीच्या अॅम्प्लिफायरमध्ये एसी १२८ सारखे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. जर्मेनियममधून गळणारा प्रवाह साधारण दर दहा अंशांना दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना नीट चालणारा संच ४५ अंशांना चौपट गळती सोसतो. तो प्रवाह ट्रान्झिस्टरला आणखी तापवतो आणि तापलेला ट्रान्झिस्टर आणखी गळतो. वैशाखात दुपारी आवाज फाटतो आणि रात्री गच्चीवर तोच संच गोड वाजतो, ही तक्रार धुळ्याच्या आग्रा रोडवर आणि जळगावच्या फुले मार्केटमध्ये मी अनेक कारागिरांकडून ऐकली. त्यांनी उपायही काढले : अॅल्युमिनियमची जाड पट्टी लावायची, पेटीच्या पाठीला भोके पाडायची. पुढे सिलिकॉनचा २एन ३०५५ मिळू लागला तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि संच इथे जुळवायचा, अशी रीत पडली. ‘असेंबल’ हा शब्द खान्देशात मराठीइतकाच रुळला.

आता स्पीकर. उघडा स्पीकर पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागे ती ओढतो. खालच्या सुरांत या दोन लाटा कडेने वळून भेटतात आणि एकमेकींना मारतात. म्हणून सुटा स्पीकर कितीही महाग असला तरी पोकळ वाजतो. गावोगावी यावर माठ हा उपाय निघाला. माठाच्या तोंडावर स्पीकर बसवायचा आणि फट शाडूने किंवा कणकेने बुजवायची. मागची लाट आत कोंडली जाते. भाजलेली माती कडक असते, शिवाय माठ गोल असल्याने समोरासमोरच्या सपाट भिंती नसतात. दोष एकच : आतली हवा थोडी, त्यामुळे ती ताठ स्प्रिंगसारखी वागते आणि ठरावीक सूरच घुमतो. बंद पेटीतल्या हवेची हीच स्प्रिंग कामाला लावून एडगर विलचर यांनी १९५४ साली अमेरिकेत छोट्या पेटीतून खोल सूर काढून दाखवले. मात्र त्यांनी स्पीकरचा पडदाच मुद्दाम सैल ठेवला होता. आपल्या माठावर बसे तो रेडिओतून काढलेला ताठ पडद्याचा स्पीकर. तत्त्व तेच, पण साधन अपुरे.

विलचर यांच्या पेटीत काचतंतू भरलेला असे. खान्देशात त्याची जागा कापसाने घेतली. जिनिंगच्या प्रदेशात सरकी काढलेला कापूस हाताशी होता आणि गादीवाल्याकडे तो पिंजूनही मिळे. पेटीत पिंजलेला कापूस भरला की आतले पडसाद विरतात आणि आवाजाचा ‘डबा’पणा जातो. पण कापूस हळूहळू खाली बसतो आणि उंदरांनाही आवडतो. त्यामुळे मलमलीच्या छोट्या पिशव्या शिवून त्या पेटीच्या आतल्या भिंतींना टाचण्याची पद्धत आली. धुळ्यात उघडलेल्या एका जुन्या पेटीत मला अशा सात पिशव्या मिळाल्या. बारीक टाक्यांनी शिवलेल्या त्या पिशव्यांवरून हे काम घरातल्या बाईचे असावे, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट घराची. हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस सॅबिन यांनी १८९५ च्या सुमारास एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात नाट्यगृहातल्या गाद्या नेऊन ठेवल्या आणि गाद्या वाढल्या की घुमणे किती कमी होते ते मोजले. खोलीचे आकारमान आणि तिची आवाज शोषण्याची ताकद यांवर घुमण्याचा काळ ठरतो, हा नियम त्यातून निघाला. आपले धाब्याचे घर या नियमाला आपोआप जुळणारे होते. जाड मातीच्या भिंती, लाकडी कड्यांवर मातीचे धाबे, सारवलेली भुई, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. अशा खोलीत साधा रेडिओही स्पष्ट बोले. जळगावला आकाशवाणीचे केंद्र झाल्यावर मीडियम वेव्हवरचा जवळचा आवाज त्या खोल्यांत फार स्वच्छ ऐकू येई, असे सांगणारी माणसे आजही आहेत. मग स्लॅब आला, फरशी आली, गोधड्या लोखंडी कपाटात गेल्या. खोली घुमू लागली आणि दोष संचाला लागला. लोकांनी मोठे अॅम्प्लिफायर घेतले आणि घुमणे आणखी वाढले. खोलीकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही.

हा केवळ छंदाचा इतिहास असता तर मी त्यात इतकी वर्षे घातली नसती. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात खान्देशात घरोघरी पोहोचली आणि प्रथमच ऐकणाऱ्याच्या हाती नोंदवण्याचे साधन आले. टू-इन-वनचे लाल बटण दाबून लोकांनी कानबाईची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, गुलाबाईची गाणी, वहीगायनाच्या रात्री आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या. बहिणाबाईंची कविता सोपानदेवांच्या हाती लागली म्हणून १९५२ साली छापली गेली. अशा कितीतरी बायकांचे बोल कागदावर कधीच आले नाहीत, ते फक्त पावणेचार मिलिमीटर रुंदीच्या त्या फितीवर आहेत. आणि ते समजतील की नाही, हे यंत्राच्या हेडशेजारच्या एका छोट्या स्क्रूवर ठरते. फितीशी हेडचा कोन किंचित चुकला तरी वरचे सूर जातात, आणि वरच्या सुरांबरोबर ‘स’, ‘श’, ‘च’ जातात. म्हणजे बोलच जातात. तो स्क्रू कानाने लावणारे कारागीर आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले मोबाइल दुरुस्त करतात.

दिवाळीच्या साफसफाईत सर्वांत आधी माळ्यावरचा कॅसेटचा डबा भंगारात जातो. वाचकांना माझी विनंती आहे : तो डबा उतरवा, पण फित लगेच वाजवू नका. आधी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून यंत्राचे हेड पुसा. मग फित एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. जाणत्या कारागिराकडून त्या फितीपुरता हेडचा कोन लावून घ्या आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर नोंद करा. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि साल कागदावर लिहून ठेवा, कारण आवाजावरून तिला ओळखणारी माणसेही कमी होत चालली आहेत. नंतर ती नोंद घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला गोधड्या असलेल्या खोलीत ऐकवा आणि विचारा : बोल समजतस का?