गुण दिसला पाहिजे

२००८ साली २३ ऑगस्टला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदोत एकाच दिवशी दोन प्रकरणं घडली. त्यातलं एक जगभरच्या वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. क्युबाचा आंजेल मातोस ब्राँझपदकाच्या लढतीत जखमी झाला, उपचारासाठी मिळणारा वेळ संपला म्हणून पंचांनी त्याला हरलेला ठरवलं आणि त्याने थेट पंचांच्याच तोंडावर लाथ मारली. पंच होते स्वीडनचे शकीर शेल्बात. मातोसवर आणि त्याच्या प्रशिक्षकावर तहहयात बंदी आली. आजही तायक्वांदोचं नाव काढलं की कुणीतरी मला हाच व्हिडिओ पाठवतं.

दुसरं प्रकरण फारसं कुणाच्या लक्षात नाही, पण खेळ बदलला तो त्यानेच. महिलांच्या ६७ किलोवरील गटात उपांत्यपूर्व लढत होती चीनची चेन झोंग आणि ब्रिटनची सारा स्टीव्हनसन यांची. चेन झोंग म्हणजे सिडनी आणि अथेन्स अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकची सुवर्णविजेती, आणि सामना तिच्याच देशात. अखेरच्या काही सेकंदांत साराची लाथ चेनच्या चेहऱ्यावर बसली. टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला ती दिसली. कोपऱ्यातल्या पंचांनी मात्र बटणं दाबली नाहीत आणि चेन जिंकल्याचं जाहीर झालं. ब्रिटनने तक्रार केली, अधिकाऱ्यांनी चित्रीकरण पाहिलं आणि निकाल फिरवला. सारा पुढे ब्राँझ घेऊन घरी गेली.

सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये मी तायक्वांदोचा क्लास घेते आणि जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून बसते. म्हणून मातोसपेक्षा हा निकाल मला मोठा वाटतो. हजारो मैलांवरच्या प्रेक्षकाला जे दिसलं ते चार हातांवर बसलेल्या पंचाला दिसलं नाही, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर आलं. त्यानंतर या खेळात जेवढे बदल झाले, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: पडद्यासमोर बसलेल्या माणसाला गुण दिसणार कसा?

आमच्या भागात कुस्तीच्या मैदानाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. पैलवानाची पाठ मातीला लागली की झाडावर चढून बसलेल्या पोरालाही निकाल कळतो. तायक्वांदोत लाथ जाऊन परत येईपर्यंत डोळ्याचं पातं लवतं. ती छातीवर बसली, हातावर अडली की नुसती घासून गेली, हे सांगायला जाणकार माणूस लागतो, आणि त्याचीही खात्री नाही.

सुरुवातीला या अडचणीची कुणी फिकीर केली नाही, कारण पाहणारे सगळे जाणकारच होते. सोलमधलं कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचं मुख्य केंद्र, १९७२ च्या अखेरीस उभं राहिलं. १९७३ च्या मे महिन्यात तिथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि त्याच महिन्यात जागतिक महासंघही स्थापन झाला. अध्यक्ष झाले किम उन-योंग, आणि हा खेळ ऑलिम्पिकमध्ये न्यायचा त्यांनी ध्यासच घेतला.

१९८८ चं सोल ऑलिम्पिक ही त्यांची मोठी संधी होती. त्या वर्षी कोरियाने उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे केली होती. शंभर मीटरची अंतिम शर्यत भर दुपारी धावली गेली, म्हणजे अमेरिकेतल्या लोकांना ती रात्री घरी बसून पाहता यावी. टीव्हीचा दरारा तेव्हाच एवढा होता. तायक्वांदोचे सामने त्या ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून झाले, पदकतालिकेत त्यांची गणती नव्हती. पण उद्घाटन सोहळ्यात शेकडो जणांनी पांढऱ्या पोशाखात एका तालात लाथा मारल्या, फळ्या फोडल्या. आमच्याकडे दूरदर्शनवर अनेकांनी हा खेळ पहिल्यांदा पाहिला तो असा. फळी फुटते तेव्हा ती फुटलेली सगळ्यांना दिसते, आवाजही येतो. पंचाची गरजच नाही. प्रत्यक्ष लढतीत मात्र फळी नसते.

१९९२ च्या बार्सिलोनातही खेळ प्रात्यक्षिकापुरताच राहिला. १९९४ साली पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने होकार दिला आणि २००० साली सिडनीत तायक्वांदोला खरी पदकं मिळाली: पुरुषांचे चार गट, महिलांचे चार. यजमान ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन बर्न्सने सुवर्ण जिंकलं. व्हिएतनामला आयुष्यातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं तेही इथेच, त्रान हिएउ न्गानच्या रौप्याच्या रूपात. महागडी मैदानं, बोटी, घोडे यातलं काही न लागणारा खेळ छोट्या देशांना फळतो, हे पहिल्याच फेरीत दिसलं.

तेव्हाची गुण देण्याची पद्धत मी जवळून सांगू शकते, कारण आमच्या जिल्ह्यात आजही ती चालते. खुर्चीत बसायचं, दोन्ही हातांत बटणांचे रिमोट धरायचे, लालसाठी एक, निळ्यासाठी एक. अंगठा बटणावर टेकवूनच ठेवायचा, कारण बहुसंख्य पंचांनी साधारण एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण चढतो. मधला पंच आडवा आला, खेळाडूची पाठ आपल्याकडे झाली, शेजारच्या मॅटवर आरडाओरडा झाला, की तो सेकंद गेला. शिवाय आवाजाची सवय लागते. चेस्ट गार्डवर 'फट्' असा आवाज आला की अंगठा आपोआप दाबला जातो. खेळाडूंनाही हे माहीत असतं, म्हणून लाथेबरोबर ओरडायचं तंत्र शिकवलं जातं. टीव्हीवर पाहणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. दोन माणसं उड्या मारतात, मध्येच आकडा बदलतो, समालोचकही गोंधळतो.

अपवाद होता नॉकआउटचा. २००४ साली अथेन्समध्ये ८० किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत कोरियाच्या मून दे-सुंगने ग्रीसच्या अलेक्झांड्रोस निकोलाइडिसला गिरकी घेऊन डोक्यावर अशी लाथ मारली की तो जागेवर कोसळला. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. सीडीच्या जमान्यात ही लाथ क्लासाक्लासातून फिरली.

पण नॉकआउट रोज होत नाहीत, आणि पंचांच्या निकालांबद्दलची कुजबुज वाढत होती. बीजिंगने ती चव्हाट्यावर आणली. महासंघाने मग इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्डकडे मोर्चा वळवला. खेळाडूच्या मोज्यांत ठरावीक जागी चुंबक किंवा सेन्सर असतात, गार्डमध्ये दाब मोजणारी यंत्रणा असते. योग्य जागी, त्या वजनगटासाठी ठरवलेल्या जोराने पाय लागला तर गुण आपोआप पडद्यावर चढतो. ठोसा आणि गिरकीचे वाढीव गुण मात्र अजून पंचच देतात.

यंत्र आलं म्हणून भांडणं थांबली नाहीत. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये तैवानची यांग शू-चुन व्हिएतनामच्या खेळाडूविरुद्ध ९-० ने पुढे असताना तिच्या मोज्यांच्या टाचांवर जादा सेन्सर असल्याचं सांगून तिला बाद करण्यात आलं. मॅटवर बसून रडणारी यांग तैवानमध्ये घरोघर दिसली, रस्त्यावर कोरियाचे झेंडे जाळले गेले. आधी पंचाच्या डोळ्यावर संशय होता, आता मोज्यावर आला.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये इलेक्ट्रॉनिक गार्ड तर होतेच, शिवाय प्रशिक्षकाच्या हातात एक कार्ड आलं. निर्णय पटला नाही तर कार्ड वर करायचं, व्हिडिओ पाहिला जातो. दावा खरा निघाला तर कार्ड परत, खोटा निघाला तर गेलं. बीजिंगमध्ये साराला तक्रार करून जे मिळवावं लागलं, ते आता नियमातच बसलं.

मग दुसरंच दुखणं उपटलं. सेन्सरला लाथेची शान कळत नाही, स्पर्श आणि दाब कळतो. खेळाडू पुढचा पाय हवेत धरून नाचू लागले आणि त्याच पायाने टिचक्या मारून गुण घेऊ लागले. लोक त्याला पायांची तलवारबाजी म्हणू लागले. क्लासमधल्या मुलीही विचारतात, "मॅडम, पुढचाच पाय मारू का? राज्याला सेन्सर लगेच घेतो." नाही म्हणायला माझ्याकडे सबळ कारण नसतं, कारण ती खरंच बोलत असते.

प्रेक्षक कंटाळतोय म्हटल्यावर महासंघ पुन्हा कामाला लागला. चौकोनी मॅट जाऊन अष्टकोनी आलं, म्हणजे कोपऱ्यात दबून बसायला जागा नको. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हेड गार्डमध्येही सेन्सर आले. गिरकी घेऊन मारलेल्या लाथेचा भाव वाढवला, कारण ती डोळ्यांत भरते. या हिशेबाचं फळ रिओतच दिसलं. ८० किलो गटाच्या अंतिम लढतीत ब्रिटनचा लुटालो मुहम्मद ६-४ ने पुढे होता. शेवटच्या क्षणी आयव्हरी कोस्टच्या शेख सालाह सिसेने गिरकी घेतली, पाय डोक्यावर बसला, चार गुण मिळाले आणि ८-६ ने त्याच्या देशाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं. त्याच स्पर्धेत अहमद अबूघौशने जॉर्डनला कुठल्याही खेळातलं पहिलं पदक मिळवून दिलं, तेही सोन्याचं. त्याआधी बीजिंगमध्ये रोहुल्ला निकपाईच्या ब्राँझने अफगाणिस्तानचं खातं उघडलं होतं. पंचाच्या मर्जीच्या काळातही छोटे देश वर आले होते, पण ती तशीच राहिली असती तर एवढ्या वेळा आले असते का, याची मला शंका आहे.

आपल्याकडे हे सामने पाहणं मात्र फार काळ नशिबाचा भाग होता. ऑलिम्पिकमध्ये भारताचा तायक्वांदोपटू नसायचा, त्यामुळे वाहिनी हॉकी किंवा नेमबाजीकडे वळायची आणि आमचा खेळ रात्रीच्या सारांशात अर्ध्या मिनिटात आटपायचा. भारतासाठी दार उघडलं ते टोकियो पॅरालिंपिकमध्ये, हरियाणाच्या अरुणा तन्वरने. इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणाने चित्र पालटलं. महासंघ जागतिक स्पर्धा आणि २०१३ पासून सुरू झालेल्या ग्रां प्रीच्या लढती यूट्यूबवर दाखवू लागला. प्राथमिक फेरीतली, समालोचनसुद्धा नसलेली लढत पाहता येते, थांबवता येते, पुन्हा लावता येते. शिकवायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही.

२०१९ ची मँचेस्टरची जागतिक स्पर्धा अशीच घरोघर पोहोचली. अंतिम लढतीत चीनची झेंग शूयिन गुणांत पुढे होती. ब्रिटनची बियांका वॉकडेन तिला वारंवार मॅटबाहेर ढकलत राहिली, बाहेर गेल्याचा 'काम्जोम', म्हणजे दंड, झेंगला बसत राहिला, दहा पूर्ण झाले आणि ती बाद झाली. नियम पाळूनच सगळं झालं होतं. पदक देताना झेंग गुडघ्यांवर बसून रडली आणि वॉकडेनच्याच देशातल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कॅमेऱ्याने पंच वाचवला, पण नियमच उघडा पाडला.

२०२२ पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याची पद्धत आली. आता पहिल्या फेरीतली मोठी आघाडी पुढे नेता येत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत रंगत टिकते. २०२४ ला पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये खेळाडू भव्य जिन्यावरून उतरत आत येत. टोकियोत एकही सुवर्ण न मिळालेल्या कोरियाला पार्क ते-जून आणि किम यू-जिन यांनी दोन दिली. आपल्या घड्याळाने मध्यरात्र उलटून गेलेली, पण फोनवर एकही अंतिम लढत चुकवायची गरज नव्हती.

या वाटेचं टोकही दिसू लागलं आहे. २०२३ साली सिंगापूरच्या ऑलिम्पिक ईस्पोर्ट्स वीकमध्ये आभासी तायक्वांदो मांडला गेला. खेळाडू अंगावर सेन्सर बांधून हवेत लाथा मारतो, लागतात त्या पडद्यावरच्या आकृतीला. समोरच्याला स्पर्शच नसल्यामुळे पुरुष आणि महिला एकमेकांशी खेळतात. गुण दिसलाच पाहिजे या हट्टाचं हे तर्कशुद्ध रूप आहे, कारण इथे गुणाखेरीज दुसरं काही उरतच नाही.

जुन्या लाथांची शान गेली म्हणून हळहळणारे प्रशिक्षक मला रोज भेटतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण खुर्चीत बसणाऱ्या माणसाने ते फार ताणू नये. मून दे-सुंगची लाथ सुंदर होती आणि तिला पंचाची गरज नव्हती. बाकीच्या शेकडो लढती मात्र कुणाच्या तरी अंगठ्यावर ठरत होत्या. कॅमेऱ्याने खेळ थोडा कुरूप केला आणि बराच प्रामाणिक केला. माझ्या क्लासमधल्या मुली ज्या दिवशी मोठ्या स्पर्धेत उतरतील, त्या दिवशी मला या प्रामाणिकपणाची जास्त गरज असेल.