आकडा आणि उजेड : निकॉनच्या दोन कॅमेऱ्यांमधली आठ वर्षे

#धागा

१/ १५ जून १९९९ रोजी निकॉन कंपनीने ‘डी१’ हा डिजिटल एसएलआर कॅमेरा जाहीर केला. २३ ऑगस्ट २००७ रोजी तिनेच ‘डी३’ जाहीर केला. पहिला २.७ मेगापिक्सेलचा, दुसरा १२.१ मेगापिक्सेलचा. जाहिरातीच्या भाषेत या आठ वर्षांचा इतिहास एका ओळीत संपतो : आकडा जवळपास साडेचार पट वाढला. पण दोन्ही कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरील प्रकाशवेधी बिंदूंची संख्या जवळजवळ सारखीच होती. हे कसे शक्य झाले आणि त्यातून एका काळाच्या दृश्य-स्मृतीचे काय झाले, त्याची ही हकीकत.

२/ एसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावर पडतो, तेथून वर वळून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा क्षणभर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. निकॉनने आपल्या भिंगांसाठी ‘एफ माउंट’ ही जोडणी १९५९ मध्ये आणली. पुढे फिल्मच्या जागी सेन्सर आला, तरी आरसा आणि भिंगांची जोडणी तीच राहिली. म्हणूनच डिजिटल एसएलआरचा पहिला अध्याय निकॉनच्या शरीरात कोडॅकचे इंद्रिय बसवून लिहिला गेला.

३/ कोडॅकने १९९१ मध्ये आणलेला ‘डीसीएस’ (पुढे तो ‘डीसीएस १००’ म्हणून ओळखला गेला) हा निकॉन एफ३ च्या सांगाड्यावर उभा होता. क्षमता १.३ मेगापिक्सेल. चित्रे साठवण्यासाठी २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेली वेगळी पेटी खांद्याला अडकवून फिरावे लागे. असंक्षेपित रूपात तीत १५६ चित्रे मावत. किंमत सुमारे २० हजार डॉलर. १९९४ पर्यंत असे हजारहूनही कमी कॅमेरे विकले गेले.

४/ इतक्या किमतीला ते घेत कोण? प्रामुख्याने वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रे. चित्राचा दर्जा फिल्मपेक्षा उघडच कमी होता. त्यांना हवा होता वेळ. रोल धुणे, सुकवणे, निगेटिव्ह स्कॅन करणे आणि मग टेलिफोनच्या तारेवरून पाठवणे, या साखळीतल्या पहिल्या तीन कड्या डिजिटल कॅमेऱ्याने एकदम गाळल्या. अमेरिकेच्या असोसिएटेड प्रेसने १९९४ मध्ये कोडॅकच्या साथीने ‘एनसी २०००’ हा कॅमेरा खास बातमीदारीसाठी आणला. तोही निकॉनच्याच सांगाड्यावर.

५/ डी१ चे महत्त्व येथे आहे. आतापर्यंत शरीर एकाचे आणि सेन्सर व इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्याचे, असा संसार होता. डी१ हा मुळापासून डिजिटल म्हणून एकाच कंपनीने आखलेला आणि खांद्यावरच्या पेटीतून किंवा बुडाला जोडलेल्या ठोकळ्यातून मुक्त झालेला व्यावसायिक एसएलआर होता. किंमत सहा हजार डॉलरच्या आत. कोडॅकचे त्या वेळचे व्यावसायिक कॅमेरे याच्या दुपटीहून महाग होते. सेकंदाला साडेचार चित्रे काढणारे हे यंत्र मध्यम वृत्तपत्राच्याही आवाक्यात आले आणि वृत्तकचेऱ्यांतील डार्करूमचे दिवस भरत आले.

६/ डी१ च्या सेन्सरवर सुमारे १ कोटी ८ लाख प्रकाशवेधी बिंदू होते. चित्रात मात्र २७ लाखच पिक्सेल उमटत, कारण शेजारच्या चार बिंदूंचा प्रकाश एकत्र करून त्यांचा एक पिक्सेल केला जाई. दहा मेगापिक्सेलची गोष्ट मिरवता आली असती त्या काळात अभियंत्यांनी बिंदूंची मोळी बांधली आणि आकडा चौथ्या हिश्श्यावर आणला.

७/ यामागचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश कणाकणाने येतो, पावसाच्या थेंबांसारखा. भुरभुर पावसात अंगणात शेजारी शेजारी छोट्या वाट्या ठेवल्या, तर कुणात चार थेंब पडतील, कुणात नऊ. पाऊस सगळीकडे सारखाच असूनही वाट्या वेगळी साक्ष देतील. मोठ्या पराती ठेवल्या तर हा फरक जवळजवळ दिसेनासा होतो. कमी उजेडातील डिजिटल चित्रावर जो रवाळपणा दिसतो, त्याचे एक मुख्य कारण हेच.

८/ हिशेबही सोपा आहे. सरासरी १०० प्रकाशकण मिळाले, तर त्यांतील नैसर्गिक चढउतार सुमारे १० कणांचा, म्हणजे १० टक्के. १० हजार कण मिळाले, तर चढउतार १०० कणांचा, म्हणजे अवघा १ टक्का. चार वाट्यांची एक परात करणे म्हणजे बारीक तपशील सोडून देऊन विश्वासार्हता मिळवणे. संध्याकाळच्या सभेत आणि मंद दिव्यांच्या क्रीडागृहात काम करणाऱ्या बातमीदाराला तपशिलापेक्षा ती अधिक गरजेची होती.

९/ २००० × १३१२ पिक्सेलचे चित्र इंचाला २०० पिक्सेल या मापाने छापले, तर साधारण २५ सेंटिमीटर रुंद होते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानासाठी ते पुरेसे. डी१ ज्या कामासाठी घडवला गेला, त्या कामाला तो पुरून उरला. प्रश्न उद्भवला तो पुढे, ती चित्रे वर्तमानपत्रातून इतिहासात गेली तेव्हा.

१०/ डी१ ला मर्यादाही होत्या. त्याचा सेन्सर २३.७ × १५.६ मिलिमीटरचा होता, तर फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची. सिलिकॉनची चकती कापताना एक चिप जितकी मोठी, तितकी तिच्यात दोष शिरण्याची शक्यता अधिक आणि वाया जाणारा मालही अधिक. त्यामुळे पूर्ण चौकटीचा सेन्सर तेव्हा परवडणारा नव्हता. परिणाम असा की २० मिलिमीटरचे रुंद भिंग डी१ वर ३० मिलिमीटरसारखे पाही. गर्दीत शिरून काम करणाऱ्यांचा पैस आखडला. दूरवरून खेळ टिपणाऱ्यांना मात्र ३०० मिलिमीटरच्या भिंगात ४५० चा पल्ला मिळाला.

११/ दुसरी उणीव रंगांची. डी१ ची चित्रे दूरचित्रवाणीच्या जुन्या ‘एनटीएससी’ मानकाशी जुळणाऱ्या रंगव्यवस्थेत लिहिली जात. संगणक ती नेहमीच्या व्यवस्थेत उघडी आणि माणसांच्या चेहऱ्यांवर जांभळट झाक येई. ज्यांनी मूळ ‘रॉ’ फाइली जपल्या, त्यांना पुढच्या काळातील सॉफ्टवेअरने रंग नव्याने घडवता आले. ज्यांनी घाईत केवळ जेपेग ठेवले, त्यांच्या हाती दुरुस्तीला फारसा वाव उरला नाही. २००१ मधील ‘डी१एक्स’ आणि ‘डी१एच’ या भावंडांत कंपनीने हा दोष दूर केला.

१२/ त्या भावंडांतच पुढच्या वादाचे बीज होते. डी१एच ने २.७ मेगापिक्सेल कायम ठेवून वेग वाढवला. डी१एक्स ने आडव्या दिशेला बिंदू मोकळे केले आणि ५.३ मेगापिक्सेलचा आकडा गाठला. त्याचे पिक्सेल चक्क आयताकृती होते, ४०२८ × १३२४. चौकोनी चित्रासाठी त्यांची आतल्या आत पुनर्रचना करावी लागे. तपशील की वेग, हा प्रश्न एकाच कंपनीने एकाच वर्षी दोन प्रकारे सोडवला. बाजाराने मात्र आकड्याचा पक्ष घेतला.

१३/ दरम्यान कॅननने वेगळी वाट धरली. तिच्या ‘डी३०’ने २००० मध्ये सीसीडीऐवजी सीमॉस सेन्सर वापरला. २००२ च्या ‘१डीएस’ मध्ये पूर्ण चौकटीचा ११ मेगापिक्सेल सेन्सर आला. क्रीडांगणाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या भिंगांची रांग दिसू लागली. ज्या कोडॅकने हे क्षेत्र उघडले, ती कंपनी २००५ मध्ये एसएलआरच्या धंद्यातून बाहेर पडली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

१४/ ऑगस्ट २००७ मध्ये दोन घोषणा तीन दिवसांच्या अंतराने झाल्या. २० तारखेला कॅननने ‘१डीएस मार्क ३’ जाहीर केला : पूर्ण चौकट, २१.१ मेगापिक्सेल. २३ तारखेला निकॉनने डी३ जाहीर केला : तीच चौकट, पण १२.१ मेगापिक्सेल. आकड्यांच्या लढाईत हा पराभवच होता. निकॉनने दुसरे मैदान निवडले होते.

१५/ ते मैदान अंधाराचे. डी१ ची संवेदनशीलता नेहमीच्या वापरात आयएसओ १६०० पर्यंत जाई. डी३ मध्ये ती ६४०० पर्यंत होती आणि ओढून ताणून २५,६०० पर्यंत. ज्या उजेडात डी१ ला सेकंदाचा १२५ वा भाग शटर उघडे ठेवावे लागे, त्याच उजेडात डी३ ला ५०० वा भाग पुरे. पहिल्या वेगाला धावत्या खेळाडूचे हातपाय पुसट होतात. दुसऱ्या वेगाला ते बऱ्याच अंशी गोठतात. शिवाय डी१ चे १६०० वरचे चित्र रवाळ असे, तर डी३ चे ६४०० वरचे चित्र छापण्याजोगे.

१६/ येथे आणखी एक समजूत मोडते. ‘पिक्सेल मोठा तितका कॅमेरा चांगला’ असे म्हणावे, तर डी१ चा एकत्रित पिक्सेल डी३ च्या पिक्सेलच्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळाचा होता. तरीही अंधारात डी३ सरस ठरला. त्याच्या सेन्सरचे एकूण क्षेत्रफळ डी१ च्या २.३ पट होते, म्हणजे त्याच भिंगाच्या त्याच छिद्रातून आणि तितक्याच वेळात संपूर्ण चित्रासाठी तितक्या पट प्रकाश गोळा होई. शिवाय मिळालेला प्रकाश मोजताना यंत्राकडून होणारी खळखळ आठ वर्षांत पुष्कळ कमी झाली होती.

१७/ नव्याने जुन्याला सर्वच बाबतींत मागे टाकले, असेही नाही. डी१ चे शटर सेकंदाच्या १६,००० व्या भागापर्यंत जाई, कारण त्याचा सीसीडी सेन्सर स्वतःच विजेच्या इशाऱ्याने बंद होऊ शके. फ्लॅशशी त्याचा मेळ ५०० व्या भागाला बसे. डी३ मध्ये या मर्यादा अनुक्रमे ८,००० आणि २५० व्या भागावर आल्या. भर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने उजळवायची असेल, तर जुना कॅमेरा अधिक मोकळीक देई. प्रगतीच्या वहीत जमेसोबत खर्चाची बाजूही असते.

१८/ आता इतिहासाचा प्रश्न. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बिल बिगार्ट हे वृत्तछायाचित्रकार जागतिक व्यापार केंद्राचा उत्तर मनोरा कोसळताना मृत्युमुखी पडले. त्यांच्यापाशी फिल्मचे कॅमेरे होते आणि एक कॅनन डी३० सुद्धा. ढिगाऱ्यातून सापडलेल्या डी३० च्या कार्डावर दीडशेच्या आसपास चित्रे शाबूत होती. शेवटच्या चित्रावरची वेळ १० वाजून २८ मिनिटांची, मनोरा कोसळण्याच्या क्षणाची. ते चित्र २१६० × १४४० पिक्सेलचे आहे. त्यापेक्षा अधिक तपशील त्या क्षणाचा त्या कोनातून कधीच मिळणार नाही.

१९/ १९७१ च्या निगेटिव्हला ही अट नाही. उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा चांगला असेल, तर त्याच निगेटिव्हमधून मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा थोडा अधिक स्पष्ट होऊ शकतो. डिजिटल चित्राचे कमाल मोजमाप मात्र ते काढले त्याच क्षणी ठरते. १९९९ ते २००३ या संक्रमणकाळात जगभरच्या वृत्तपत्रांनी फिल्म सोडली आणि दोन-तीन मेगापिक्सेल स्वीकारले. परिणामी मागच्या पिढीच्या अनेक घटना नंतरच्या पिढीच्या घटनांपेक्षा अधिक तपशिलाने जतन आहेत. दृश्य-स्मृतीचा आलेख सरळ वर चढत गेलेला नाही. त्याच्या मध्यावर एक खळगा आहे.

२०/ तरी त्या पिढीच्या बातमीदारांना दोष देता येत नाही. त्यांना उद्याच्या अंकासाठी चित्र हवे होते आणि डी१ ने ते वेळेत दिले. तसेच डी३ चे खरे देणे त्याच्या १२ मेगापिक्सेलमध्ये शोधून सापडत नाही. कंदिलाच्या उजेडातले घर, दिवे गेलेले रुग्णालय, फ्लॅश उडवणे असभ्य ठरेल असा शोकाचा प्रसंग, अशा ठिकाणी पूर्वी बहुधा चित्र निघतच नसे किंवा निघाले तरी छापता येत नसे. अशी चित्रे आता निघू लागली.

२१/ फेब्रुवारी २०२० मध्ये निकॉनने ‘डी६’ जाहीर केला. क्षमता २०.८ मेगापिक्सेल, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीच्या कॅननच्या आकड्याहूनही किंचित कमी. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या ‘झेड९’ या अग्रणी कॅमेऱ्यातून आरसा गेला आणि यांत्रिक शटरही गेले. एसएलआरचे युग मावळले, पण आपल्या सर्वांत वरच्या वृत्तकॅमेऱ्यात आकड्यापेक्षा उजेड आणि वेग निवडण्याची रीत निकॉनने त्या युगाच्या अखेरपर्यंत सोडली नाही.

२२/ जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याची तुलना करताना म्हणूनच खोक्यावरचा आकडा शेवटी पाहावा. आधी पाहावे ते हे, की यंत्राने कोणत्या उजेडात काम केले, किती वेळात केले आणि त्याने टिपलेली फाइल मूळ रूपात कुणी जपली का. १९९९ च्या कॅमेऱ्याने ती घट्ट बांधलेली मोळी आता कुणालाही सोडता येणार नाही. तिच्यातून जे २७ लाख पिक्सेल हाती आले, तेवढेच त्या दिवसांचे आपल्याकडचे चित्र आहे.

(धागा समाप्त)